फियाट पद्मिनीचे मागचे पाटा बुश बदलले, भवानी पेठेतल्या कमानवाल्याकडून : रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी, कुठलीही जुनी फियाट असू दे, मागून स्पीडब्रेकरवर खट्ट असा एकच आवाज येत असेल, क्लच सोडताना मागे काहीतरी आपटतंय असं वाटत असेल आणि ऐंशीच्या आसपास गाडी शेपूट हलवत असेल, तर शॉकअपवर पैसे घालायच्या आधी पाट्यांचे (मागच्या कमानीसारख्या स्प्रिंगांचे) बुश, म्हणजे त्यांच्या टोकांतले रबरी सांधे बघा. बदलायचे असतील तर रबराचेच टाका. आणि काम अशाच माणसाकडे द्या जो शेवटचे नट गाडी चाकांवर उभी असताना आवळतो. मला असा कमानवाला, म्हणजे पाटे बनवणारा-दुरुस्त करणारा, पुण्यात भवानी पेठेत सापडला, त्याच्याच कामाबद्दल लिहितोय. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

गाडी १९८६ ची पद्मिनी, पेट्रोल, स्टिअरिंगवरचा गिअर, १०८९ सीसी, सगळं ओरिजिनल ठेवलंय आणि चालवायला ठेवलीये, शोसाठी नाही. आठवड्याला बाहेर पडतेच, कधी सासवड, कधी वाई. तर गेल्या पावसाळ्यानंतर मागून आवाज सुरू झाला. एका गॅरेजने (नाव घेत नाही, नवीन गाड्यांचं काम ते चांगलं करतात) गाडी लिफ्टवर घेतली, चाकं लटकलेल्या अवस्थेत इकडून तिकडून हलवून बघितली आणि सांगितलं शॉकअप गेलेत. शॉकअप बदलले, आवाज तसाच. मग म्हणाले प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस. तोही बदलला, आवाज तसाच. या दोन कामांचं जे बिल झालं त्यात पाट्यांचं सगळं काम होऊन वर पैसे उरले असते. चूक कुठे होते सांगतो. गाडी लिफ्टवर लटकलेली असते तेव्हा पाट्यावर वजनच नसतं, त्यामुळे झिजलेला बुशसुद्धा शहाण्यासारखा गप्प बसतो. बुश तपासायचा तो वजन असताना, चाकं जमिनीवर असताना.

आपल्या गाडीला पाटा नुसतं वजन घेत नाही हे डोक्यात ठेवलं की बाकी सगळं उलगडतं. आजच्या बऱ्याच गाड्यांत मागे कॉइल स्प्रिंग वजन घेते आणि चाक जागेवर धरायला वेगळे आर्म असतात. फियाटला मागे सॉलिड एक्सल (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकसंध दांडा) आणि तो दोन कमानपाट्यांना यू-बोल्टने बांधलेला, बस्स. ॲक्सिलरेटर दिला की एक्सल पाट्यालाच पुढे ढकलतो आणि पाटा पुढच्या बोल्टवरून गाडी ढकलतो, ब्रेक मारला की तोच एक्सल मागे खेचला जातो आणि तोही पाट्यानेच धरायचा, वळणावर बाजूला सरकू द्यायचा नाही हेही पाट्यानेच बघायचं. आणि हा सगळा जोर शेवटी येतो पाट्याच्या पुढच्या टोकाच्या डोळ्यात बसवलेल्या त्या एका बुशवर. मागच्या टोकाला शॅकल (हलती जोडपट्टी) असते कारण पाटा दबला की लांब होतो, त्याला जागा लागते. तिथे वरखाली बुश असतात ते वेगळे. म्हणजे बुश ही बिजागरी समजा, दार कितीही भारी लाकडाचं असलं तरी बिजागरी ढिली झाली की दार लागत नाही. एका बाजूचा पुढचा बुश दुसरीपेक्षा जास्त गेला तर ते चाक थोडं पुढेमागे व्हायला लागतं, एक्सल तिरका होतो आणि गाडी मागून स्टिअर व्हायला लागते. तुम्ही पुढे अलाइनमेंट करत बसता आणि स्टिअरिंगमध्ये दोष शोधत बसता, आणि दोष असतो पाठीमागे.

कमानवाल्या चाचांचं दुकान म्हणजे एक शटर, समोर फुटपाथला लागून काम, आत भट्टी, प्रेस आणि भिंतीला टेकवून ठेवलेले पाटे. मुख्य धंदा टेम्पो आणि पिकअपचा. पण मुंबईत फियाट टॅक्सी धावत होत्या त्या काळात चाचांनी कुर्ल्याला काम शिकलेलं त्यामुळे फियाटचा पाटा त्यांना न बघता कळतो. (कुर्ला म्हणजे जिथे प्रीमियरचा कारखाना होता तेच कुर्ला, त्यामुळे तिथल्या मिस्त्रींचा हात या गाडीवर वेगळाच बसलेला असतो असं माझं स्पष्ट मत आहे.) गाडी लावल्या लावल्या त्यांनी पहिली गोष्ट काय केली तर पोराला म्हणाले पुढच्या चाकांना ठोकळे लाव, पहिला टाक आणि क्लच हळू सोड, सोडलास की परत दाब. आणि स्वतः खाली वाकून पुढच्या हँगरकडे, म्हणजे पाट्याचं पुढचं टोक बॉडीला जिथे बोल्टने धरलेलं असतं तिकडे, बघत बसले. मग मलाही बोलावलं. "साहेब इकडे या, हे बघा." बोल्टच्या भोवती पाट्याचा डोळा चक्क सरकत होता, क्लच सोडला की पुढे, दाबला की मागे, जवळजवळ पाव इंच. रबर एका बाजूला सालपटासारखं बाहेर आलेलं आणि आतली लोखंडी नळी मधोमध असायच्या ऐवजी खाली टेकलेली. मग त्यांनी पहार घालून शॅकल हलवून दाखवली, तिथेही तेच. दोन महिने मी ज्या आवाजाच्या मागे होतो तो डोळ्यासमोर होत होता. या तपासणीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

आता बुश. बुश मी नाना पेठेतून स्वतः आणले होते कारण चाचा म्हणाले माझ्याकडचे टेम्पोचे आहेत, फियाटचे तुम्हीच आणा. मिळतात, पण बघून घ्यावे लागतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सी होत्या तोवर हे पार्ट चालू मागणीतले होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झालेली, वीस वर्षांची मर्यादा भरली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही उतरली. आता घेणारे आपल्यासारखेच. त्यामुळे दुकानदार कुठल्यातरी वरच्या फळीवरून जुना डबा काढतो आणि ओरिजिनल जुना स्टॉक आहे म्हणून अभिमानाने पुढे ठेवतो. लोखंडी पार्टला जुना स्टॉक म्हणजे सोनं, पण रबराला नाही, रबर डब्यात बसूनही म्हातारं होतं, कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. नख दाबून बघा, खूण पडून लगेच भरून आली पाहिजे. कडेला वाकवून बघा भेगा दिसतात का, आणि रबर जिथे नळीला चिकटलेलं असतं तिथली कड नीट बघा, तिथे सुटत असेल तर घेऊच नका. मला एक डबा असा दाखवला गेला की पाकिटावर नाव झकास पण रबराला नख लागत नव्हतं. शेवटी मी साधे, आत्ताचे बनलेले, लोकल बुश घेतले. रबर मऊ, चिकटण चांगली, फक्त बाहेरच्या नळीला फिनिश यथातथाच. व्हर्निअर लावून सगळे मोजले तर एक बाकीच्यांपेक्षा बारीक निघाला, दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला. पैशाचं म्हणाल तर या कामात बुश हा सगळ्यात स्वस्त भाग आहे, सगळा सेट मिळून मजुरीच्या निम्माही नाही, त्यामुळे तिथे दहा-वीस रुपये वाचवायला जाऊ नका.

काढणं हा खरा घामाचा भाग. बोल्ट आतल्या नळीला गंजून एकजीव झालेला, नट सुटला तरी बोल्ट हलेना. बहुतेक ठिकाणी इथे गॅस पेटवतात, रबर जाळून टाकतात आणि घणाने ठोकतात. चाचांनी गॅस लावायला साफ नकार दिला आणि कारण पण सांगितलं. पाट्याचं पोलाद टेम्पर केलेलं असतं, डोळ्यापाशी लाल केलं की टेम्पर गेला, मग तो पाटा तिथेच वाकतो नाहीतर तिथेच तुटतो, आज नाही तर वर्षाने. शिवाय पेट्रोलची टाकी मागच्याच बाजूला. त्यांनी गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं आणि सकाळी हॅकसॉ ब्लेडने डोळा आणि हँगरच्या मधल्या फटीतून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. वेळ गेला, पण हँगरची पानं वाकली नाहीत आणि डोळा शाबूत राहिला. मग पाटे पूर्ण खाली काढले, प्रेसवर जुने बुश दाबून बाहेर.

इथे एक अडचण निघाली. उजव्या बाजूच्या मेन पाट्याचा (थरातला सगळ्यात लांब, ज्याला डोळे असतात तो) डोळा आतून मोठा झालेला. बुशची बाहेरची नळी कधीतरी सैल होऊन आतल्या आत फिरत राहिलेली त्यामुळे. चाचा म्हणाले, "साहेब, यात बुश बसेल पण टिकणार नाही. पत्रा घालून बसवून देणारे आहेत, मी देणार नाही." पत्र्याची पट्टी गुंडाळून घट्ट करायचा जुगाड मी स्वतः एका मित्राच्या गाडीत बघितलाय, काही दिवसांत पट्टी चेपते आणि आवाज परत. मग त्याच मापाचा मेन पाटा बनवायचं ठरलं. यात बघण्यासारखं असं की त्यांनी डावा पाटा जमिनीवर आडवा ठेवून खडूने त्याची कमान फरशीवर आखून घेतली, डोळ्याचे मध्य ठिपक्याने मारले आणि नवीन पाटा त्या खडूच्या रेघेवर ठेवून ठेवून जुळवला. जिथे बोटभर फट दिसली तिथे परत घेतला. दोन्ही पाट्यांची कमान सारखी नसेल तर गाडी एका कुशीवर बसते, नवीन बुशनेही ते सुटत नाही. पाट्यांच्या मधला गंज ब्रशने काढून ग्राफाइट ग्रीस लावलं, सेंटर बोल्ट (पाट्यांचे थर मधोमध एकत्र धरणारा) आणि यू-बोल्ट नवीन. यू-बोल्ट एकदा ताणले गेले की परत तेच वापरू नयेत, हे पण त्यांनीच सांगितलं, मला विकायला नाही कारण ते यू-बोल्ट बाहेरून आणायला त्यांनी पोराला पाठवलं.

बुश बसवताना साबणाचं पाणी. तेल नाही, ग्रीस नाही, कारण साध्या तेलाने रबर फुगतं आणि सडतं. प्रेसवर बसवताना जोर बाहेरच्या नळीवरच यावा म्हणून त्या मापाचा एक पाइपचा तुकडा त्यांनी ठेवलेला आहे, जुना, घासून गुळगुळीत झालेला. रबरावर किंवा आतल्या नळीवर दाब दिला की नवीन बुश बसतानाच आतून सुटतो आणि तुम्हाला ते दिसतही नाही.

आता ते मुख्य काम ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला. या बुशमध्ये आत लोखंडी नळी, मध्ये रबर, बाहेर परत लोखंडी नळी. बाहेरची नळी डोळ्यात घट्ट, आतली नळी बोल्टने हँगरच्या दोन पानांत घट्ट. म्हणजे पाटा वरखाली होतो तेव्हा घासत काहीच नाही, मधलं रबर थोडं पिळतं आणि परत येतं, म्हणून त्याला ग्रीस लागत नाही आणि म्हणून ते आवाज न करता वर्षानुवर्षं चालतं. आता विचार करा, गाडी घोडीवर (स्टँडवर) आहे, एक्सल खाली लटकतोय, पाट्याची कमान पूर्ण उघडलेली, आणि तुम्ही तेव्हाच बोल्ट करकचून आवळला. तर रबराच्या दृष्टीने तीच सरळ पोझिशन झाली. गाडी खाली उतरवली की रबर पिळलं, आणि गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरी पिळलेलंच राहणार, वर खड्डा आला की अजून पिळणार. असे बुश लवकर फाटतात. गाडीही मागून थोडी उंच आणि ताठ राहते, आणि मालक म्हणतो लोकल माल, टिकलाच नाही. माल बिचारा ठीक होता, आवळणाऱ्याने मारला.

चाचांनी काय केलं, सगळे बोल्ट हाताने घालून नट नुसते टेकवून ठेवले, चाकं लावली, गाडी घोडीवरून उतरवली, मागच्या सीटवर दोन पोरं बसवली आणि डिकी धरून गाडी चारपाच वेळा दाबून सोडली म्हणजे पाटे आपल्या जागी बसावेत. मग पोरं तशीच सीटवर बसलेली असताना, गाडीखाली फळीवर आडवे होऊन पुढचे बोल्ट आणि शॅकल आवळल्या. जागा अडचणीची, पाना पूर्ण फिरत नाही, अर्धा-अर्धा आटा करत करावं लागतं. लिफ्टवर हेच काम पाच मिनिटांचं आहे आणि म्हणूनच बहुतेक जण लिफ्टवर करतात. आवळून झाल्यावर त्यांनी टेप लावून दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत अंतर मोजलं, दोन्ही सारखं, आणि मगच हात पुसले. हे त्यांना मी सांगितलेलं नव्हतं.

पॉलियुरेथेनचं काय, असं विचारणारे असतील, ते पिवळे-लाल बुश हल्ली बरेच जण टाकतात. ओळखीतल्या एकाच्या फियाटला मापाने बनवून घेऊन टाकलेत, मी चालवलीये ती. वळणावर मागून एकदम पक्की, खोटं बोलणार नाही. पण ते मटेरियल रबरासारखं पिळत नाही, नळीवर फिरतं, त्यामुळे त्याला सिलिकॉन ग्रीस लागतं आणि ते सुकलं की प्रत्येक स्पीडब्रेकरवर कुईं कुईं. दुसरं म्हणजे आपल्या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी आणि चासी एकच आहे, पाट्याचा हँगर थेट बॉडीच्या तळाला. रबर जी थरथर गिळतं ती पॉलीमधून सरळ पत्र्यात जाते, मागच्या सीटवर बसलेल्याला डिफरन्शियलचा सूर ऐकू येतो, आणि चाळीस वर्षांच्या पत्र्याला, जिथे आधीच गंज आणि वेल्डिंग आहे, रोज तो मार देणं मला पटत नाही. रॅली करणार असाल तर टाका. सासवडला जाऊन यायचं असेल तर रबर.

आणि फरक? काम झाल्यावर दुसऱ्याच दिवशी दिवे घाटात घेऊन गेलो. चढताना दुसऱ्यावर जोर देऊन परत सोडला, खट्ट नाही. उतरताना वळणावर ब्रेक मारला की आधी मागची बाजू क्षणभर उशिरा यायची, आता गाडी एका तुकड्यात वळते. हडपसरच्या खडबडीत पॅचवर मागे बसलेली बायको म्हणाली पाठीला धक्का बसत नाहीये आता, आणि तिने तीन तासांत एकदाही आवाजाचा विषय काढला नाही, हे माझ्यासाठी मोठं सर्टिफिकेट आहे. ऐंशीला स्टिअरिंग सारखं सावरावं लागायचं ते बंद झालं. पुढच्या भागाला यात कुणी हातही लावलेला नाही. गाडी मऊ तशीच आहे, फियाटचा तो ओळखीचा झोका तसाच आहे, फक्त त्यातला ढिलेपणा गेला.

अर्धा स्टार का कापला. एक, सांगितलेल्या वेळेला गाडी मिळाली नाही, पाटा बनवण्यात वेळ जाणार हे मान्य, पण फोन करून सांगायला हवं होतं, फोन मीच करत होतो आणि तो पोरगा "झालंच साहेब" म्हणत होता. दोन, पक्कं बिल नाही, कागदावर आकडे लिहून देतात, क्लबच्या किंवा विम्याच्या कामासाठी कुणाला पावती लागत असेल तर आधी बोलून ठेवा. तीन, गाडी रात्री रस्त्यावर राहते, आत जागाच नाही, माझी कव्हर घालून ठेवली होती त्यांनी पण ज्यांच्या गाडीचा रंग नवीन आहे त्यांना जीव वर-खाली होईल. मजुरी मात्र आधी सांगितली तेवढीच घेतली, मेन पाट्याचे वेगळे पैसे झाले ते काम सुरू करायच्या आधी विचारून. जुने बुश, कापलेले बोल्ट, जुना पाटा, सगळं पोत्यात घालून परत दिलं.

काही शे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट परत एकदा आवळायला बोलावलं होतं, ते करून आलो, प्रत्येकी थोडं थोडं आलंच आवळून, त्याचे पैसे नाहीत. हे आवळणं टाळू नका, नवीन पाट्यांचा संच दबून बसतो आणि यू-बोल्ट सैल पडला की सेंटर बोल्ट तुटतो.

जायचं असेल तर टिंबर मार्केटच्या बाजूने जा आणि सकाळी लवकर जा, दुपारनंतर टेम्पोवाल्यांची रांग लागते आणि मग गाडी लावायला जागा मिळत नाही. बुश, यू-बोल्ट, बोल्ट-नट नाना पेठेतून आधीच घेऊन ठेवा, शुक्रवारी दुपारी चाचांचं दुकान बंद असतं.